शेवटच्या सीटला आवाज येईना

त्या गल्लीच्या तोंडाला सध्या एक फ्लेक्स लागलाय. विजेच्या खांबाला तारेनं आवळलेला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मधे अक्काचा फोटो, खाली ‘हजारो मुलींना आत्मविश्वास देणारी माउली हरपली’, आणि त्याच्याही खाली शोकाकुल मंडळी. अक्काच्या फोटोपेक्षा शोकाकुलांचे फोटो मोठे. सगळ्यात मोठा भाऊचा, गॉगल लावलेला, फोन कानाला. भाऊ म्हणजे त्या गल्लीतल्या मित्रमंडळाचा अध्यक्ष. तो फ्लेक्स बघून मला असा संताप आला की मी गाडी तिथंच लावली आणि ब्लेड कुठं मिळेल म्हणून इकडंतिकडं बघायला लागले. मग वाटलं, फोटो अक्काचाही फाटेल. म्हणून सोडून दिलं.

अक्काचं नाव मी लिहीत नाही. या लोकांनी ते इतकं मोठं छापलंय की मला ते पुन्हा लिहायची इच्छा उरली नाही. ती एसटीत कंडक्टर होती. कमरेच्या दुखण्यानं मुदतीआधी नोकरी सोडली आणि परभणीतल्या आपल्या घराच्या वरच्या तीन खोल्या खेड्यातून शिकायला आलेल्या मुलींना भाड्यानं द्यायला लागली. नवरा कधीच गेलेला, लेकरूबाळ नाही. हजारो मुली म्हणे! तीन खोल्यांत हजारो मुली कुठं झोपल्या, हे त्या भाऊला कुणी विचारलं नाही.

मी वालूरची. बारावी झाल्यावर वडील मला घेऊन खोली बघायला आले. अक्का आत स्वयंपाकघरात होती, आम्ही पुढच्या खोलीत. “नाव काय?” आतून आवाज आला. मी सांगितलं. “काय?” मी पुन्हा सांगितलं.

“शेवटच्या सीटला आवाज येईना!”

वडिलांनी घसा खाकरून माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, विचारलं नव्हतं तरी टक्केही सांगितले. तशी ती हातात लाटणं घेऊन बाहेर आली.

“दादा, तिकीट तुमचं काढायचंय का पोरीचं?”

“लाजाळू हाय हो जरा,” वडील म्हणाले.

“लाजाळू न्हाई, हाफ तिकीट हाय. अंगानं वाढली, पण तिकीट हाफच ऱ्हायलं. तुमीच काढत आलात वाटतं आजपतोर.”

माझ्या वडिलांना कुणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. “मला नाही राहायचं इथं!” मी ओरडले.

“हां,” अक्का म्हणाली, “आता आला आवाज. सामान वर ठेव.”

अक्का कधी बसायची नाही. जेवायची उभ्यानं, चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. भाकरी थापतानासुद्धा ओट्याशी पाय फाकवून अशी उभी राहायची, की जणू घर आता वळणावर कलणार आहे. जुन्या काळचा तिकिटं पंच करायचा चिमटा तिच्याकडं होता. तो हातात घेऊन ती दिवसभर टकटक टकटक वाजवायची. आमच्यापैकी कुणी पुटपुटलं की टकटक थांबायची. ती थांबली की आपलं काहीतरी चुकलं हे कळायचं. गेल्या पंधरवड्यात अक्का गेली, तेव्हा लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे तिला बसवून नेलं. जन्मात न बसलेली बाई शेवटी बसली, तीही आपल्या मर्जीनं नाही. त्या गर्दीत मला रडू येण्याऐवजी राग का येत होता, हे माझ्या शेजारच्या बाईला समजेना.

आत्मविश्वास हा शब्द तिच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. आता मी ज्युनियर कॉलेजात शिकवते. आमच्याकडं दर वर्षी व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर भरतं. पुण्याहून एक माणूस येतो, मुलींना डोळे मिटायला लावतो, फुगे फुगवायला लावतो आणि ‘मी करू शकते’ असं आरशात बघून म्हणायला लावतो. मुली म्हणतात. मग घरी जातात आणि दप्तर टाकून पोळ्या लाटतात, कारण घरातला भाऊ मॅच बघत असतो. त्या माणसाला एकदा अक्कापुढं उभं करायला हवं होतं. तिनं त्याला विचारलं असतं, “ते फुगे घेऊन कोणच्या गाडीत चढायचंय तुमाला?”

तिची रीत वेगळी होती आणि सोसायला महाकठीण. खोली भाड्यानं घ्यायची तर रविवारी तिच्याबरोबर बाहेर पडायचं. कुठं, ते सांगायची नाही. माझ्या पहिल्या रविवारी तिनं मला आणि शेजारच्या खोलीतल्या एकीला एसटीत घातलं. पार येलदरीला नेलं. आम्ही धरण बघायला उतरलो, मागं वळून बघितलं तर ही गाडीच्या दारात उभी. “परत तुमचं तुमी यायचं,” म्हणाली आणि कंडक्टरच्या आधी हिनंच डबल बेल दिली. गाडी गेली. माझ्या हातात पाण्याची बाटली, दुसरीच्या हातात भडंगाची पुडी. मी धरणाच्या भिंतीकडं तोंड करून मला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या तिला दिल्या. मासे विकायला बसलेल्या बाया आमच्याकडं बघून हसत होत्या. त्यांनीच मग सांगितलं, जिंतूरची गाडी कुठं थांबते. गाडी आली ती गच्च भरलेली. ड्रायव्हरनं न थांबवताच पुढं काढली. मी तिच्या मागं धावले आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. पण गाडी थांबली. कंडक्टर दार उघडून म्हणाला, “काय बाई, एवढं बोंबलायला काय झालं?” मी धापा टाकत चढले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या आवाजानं थांबलं होतं. घरी आल्यावर अक्कानं ‘शाबास’ म्हटलं नाही. “जेवून घ्या, भाजी आळलीय,” एवढंच.

बाजाराच्या दिवशी सकाळी बसस्टँडवर जायचं, हीसुद्धा सक्ती होती. पाटी वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या, डोक्यावर गाठोडं असलेल्या बाया, यांना कुठली गाडी कुठं जाते ते ओरडून सांगायचं. माझ्या खोलीत चुडाव्याची गोदा होती, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गोरीपान, हुशार आणि मुकी म्हणावी इतकी गप्प. काही लागलं तर माझी बाही ओढायची. पहिल्या दिवशी ती ओढणीत तोंड घालून उभी राहिली. एका म्हातारीनं तिला पाथरीची गाडी विचारली. गोदानं हळूच काहीतरी सांगितलं. म्हातारी मान डोलावून सरळ गंगाखेडच्या गाडीत जाऊन बसली. गाडी हलली तसं अक्कानं गोदाकडं बघितलं. टकटक थांबली.

“लाज तुझी,” अक्का म्हणाली, “अन् फुफाटा त्या म्हातारीनं तुडवायचा. व्हय ना?”

गोदा धावली. चालत्या गाडीचा पत्रा दोन्ही हातांनी बडवत, चप्पल मागं टाकून. म्हातारीला उतरवून आणलं तेव्हा तिच्या तळहातांना लाल वळ होते. मला अक्काचा भयंकर राग आला. कुणाला असं चारचौघांत बोलतात का! पण गोदा मात्र अक्काला विचारत होती, “आतमधून गाडी थांबवायची तर काय करायचं?”

“दोरी ओढायची. एक घंटी दिली की ड्रायव्हर थांबवतो. आधी थांबवतो, मग इचारतो कामून. दोन दिल्या की चालला. घंटीला पॅसेंजरनं हात लावायचा नसतो.” मग ती म्हणाली, “पर जीव जायला लागला तर कुणी बी लावावा.”

तिसरी अट सगळ्यात तऱ्हेवाईक. कुठल्याही परीक्षेत येणार नाही असं एक बिनकामाचं काम प्रत्येकीनं शिकायचं. मी कॅरम शिकले. एकजण सायकलचं पंक्चर काढायला शिकली. गोदानं पतंग निवडला. शेजारच्या चाचीच्या नातवानं तिला मांजा धरायला शिकवला आणि संक्रांतीच्या आधी पोरगी अशी तयार झाली की आसपासच्या गच्चीवरची पोरं तिला वचकून राहायला लागली. ओढणी कमरेला बांधून ती कठड्याशी उभी राहायची आणि पतंग कापला की ओरडायची, “काटली!” ती आरोळी मला आजही ऐकू येते. एवढा आवाज या मुलीनं इतकी वर्षं कुठं ठेवला होता, असं वाटायचं.

गल्लीला तो आवाज सहन झाला नाही. भाऊनं समोरच्या गच्चीवरून गोदाचा व्हिडिओ काढला. एक कापलेला पतंग, एक आरोळी, वाऱ्यानं उडालेले केस, बस एवढंच. खाली लिहिलं, ‘शिकायला पाठवलेल्या पोरी काय करतात ते मायबापांनी डोळे उघडून बघावं.’ तो पाठवला गल्लीच्या ग्रुपवर. तिथून तो कुणाच्या मेहुण्याकडं, मेहुण्याकडून पूर्ण्याला आणि पूर्ण्याहून चुडाव्याला गेला. मुलगी पतंग उडवते, यात झाकायचं काय होतं? पण व्हिडिओ असा फिरला, जशी काही ती चोरी करताना सापडली. आणि ज्यानं चोरून काढला तो साव!

दोन दिवसांनी गोदाचे वडील आले. भला माणूस. म्हणजे दिसायला तरी भला. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. खोलीत येऊन गोदाची बॅग उचलली आणि म्हणाले, “चल बाई. लोक तोंडावर थुकायलेत. झालं तेवढं शिक्षण लय झालं.”

दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती. ती बुडाली की नर्सिंग संपलं, हे गोदाला माहीत होतं, मला माहीत होतं, अक्काला माहीत होतं. गोदानं अक्काकडं बघितलं. मी अक्काकडं बघितलं. ज्या बाईनं माझ्या वडिलांना लाटणं दाखवलं होतं, डेपो मॅनेजरला भर स्टँडवर झापलं होतं, ती बाई दाराला टेकून उभी होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

“अक्का, सांगा ना त्यांना!” मी ओरडले.

“माझं तिकीट न्हाई ते,” ती म्हणाली.

मला वाटलं, हिला आत्ता ढकलून द्यावं जिन्यावरून. इतके महिने आम्हाला उन्हात पळवलंस, लोकांपुढं आमची फजिती केलीस, आणि खरी वेळ आली तर तोंड शिवलंस? गोदा खाली मान घालून वडिलांच्या मागं गेली. रेल्वेची पॅसेंजर निघून गेली होती म्हणून ते स्टँडकडं वळले. अक्कानं पायात चप्पल घातली आणि तीही निघाली. मी तिच्या मागून, तिला बोलत बोलत. रस्ताभर मी तिला काय काय बोलले! ती फक्त तो चिमटा वाजवत चालत होती.

पूर्ण्याची गाडी लागलेलीच होती. वडिलांनी गोदाला मधल्या एका सीटवर खिडकीशी बसवलं, मांडीवर बॅग दिली, स्वतः ये-जा करायच्या बाजूला बसले, पोरगी उठू नये म्हणून. आम्ही फलाटावर. खिडकीतून गोदा दिसत होती. तिनं आमच्याकडं बघितलं नाही. कंडक्टर चढला, दार लागलं, डबल बेल झाली. गाडी मागं आली, वळली आणि फाटकाकडं चालली. अक्काची टकटक थांबली.

गाडीचं तोंड फाटकाबाहेर गेलं आणि एक घंटी वाजली. एकच.

गाडी कचकन थांबली. मागं रिक्षा, हातगाडे, सगळ्यांचे हॉर्न सुरू झाले. आम्ही धावलो. आत गोदा सीटवर उभी होती, डोक्यावरची दोरी अजून मुठीत धरून.

“कोण घंटी दिली?” कंडक्टर ओरडत होता.

“मी दिली. मला उतरायचंय.”

“खाली बस गोदे,” वडील दबक्या आवाजात म्हणाले. “लोक बघायलेत.”

“बघू द्या! पतंग उडवला म्हणून परीक्षा सोडू का मी? मी काय केलंय, दादा? तुमी तो व्हिडिओ तरी पाह्यला का? न्हाई ना पाह्यला? मी परीक्षा दिल्याबिगर येत न्हाई!”

खिडकीबाहेर, फाटकाबाहेर, पलीकडच्या चहाच्या गाड्यापर्यंत तो आवाज गेला. आता गाडीतल्या कुणीतरी उठून पोरीची बाजू घेतली, असं मला लिहायला आवडलं असतं. कुणी घेतली नाही. मागून एक माणूस करवादला, “उतरा न्हाई तर बसा! आमाला उशीर व्हायलाय.” कंडक्टर म्हणाला, “मामा, दोघं बी उतरा अन् काय भांडायचं ते खाली भांडा.” अशा रीतीनं, लोकांच्या घाईपायी, गोदा खाली उतरली. वडील तिच्या मागून उतरले. दार लागलं, दोन घंट्या झाल्या आणि गाडी सुटली. बॅग आतच.

तेव्हा अक्का ओरडली. “ओऽऽ पूर्णाऽऽ! थांबीव! पोरीची बॅग हाय आत!” मोंढ्याच्या बाजारापर्यंत गेला असेल तो आवाज. पोरीसाठी ओरडली नाही, बॅगेसाठी ओरडली. गाडी पुन्हा थांबली. बॅग मीच आणली, अक्काकडं न बघता.

वडील फलाटावरच्या बाकड्यावर बसले. गोदानं त्यांना चहा आणून दिला. कप खाली ठेवून ते म्हणाले, “घरी तर तुझा आवाज कदी ऐकला न्हवता.” गोदा म्हणाली, “घरी कुणी इचारलं न्हवतं.” पुढच्या गाडीनं ते एकटे गेले. जाताना अक्काला नमस्कार केला नाही आणि तिनंही तशी अपेक्षा केली नाही.

मी मात्र अक्काशी कितीतरी दिवस बोलत नव्हते. गोदानं दोरी ओढली नसती तर? तिचा हात पोचला नसता तर? गाडी फाटकाबाहेर गेली असती, तर ही बाई चिमटा वाजवत घरी आली असती? शेवटी शेजारच्या चाचीनं मला कठड्यावरून हाक मारली. “बेटा, खफा कामून है उसपर? तुम्हारे पहले एक छोकरी थी. उसका बाप आया, तो ये लय चिल्लाई उसपर. पूरी गल्ली जमा की. बाप और जिदपे आया. बोला, पराई औरत मेरे घर का फैसला करती क्या. घसीटके ले गया. फिर वो छोकरी कभी दिखीच नहीं.”

म्हणजे अक्काचं बरोबर होतं, असं म्हणायचं का? मला अजून ते कबूल नाही. एका मुलीला आपलं शिक्षण पुरं करायला भरल्या गाडीत सीटवर चढून का ओरडावं लागावं? तिच्या भावाला कुणी असं ओरडायला लावलं होतं का? अक्काला एकदा मी हे विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “लागू नये. पर लागतं.” आणि तव्यावरची भाकरी उलटली. तिच्याही मनात तोच राग होता, हे मला तेव्हा कळलं. माझा तोंडात होता, तिचा हातात होता. तो तिनं आम्हाला येलदरीला सोडण्यात खर्च केला.

तर परवा त्या फ्लेक्सच्या पलीकडं मांडव टाकून शोकसभा झाली. आम्ही मुली मागच्या रांगेत. पुढच्या खुर्च्या मित्रमंडळानं अडवलेल्या. गोदा तालुक्याच्या दवाखान्यातून ड्यूटी करून थेट आलेली. अक्कानं जाण्याआधी आपला चिमटा तिला दिला होता, तो तिच्या हातात टकटक वाजत होता. भाऊ माइकवर उभा राहिला. माउली म्हणाला, रणरागिणी म्हणाला, गल्लीचं भूषण म्हणाला. आपल्या मंडळानं तिच्या कार्याला नेहमीच साथ दिली, हेही म्हणाला. मग एकदम आवाज खाली आला. “आता... काही वेळा... लहानसहान गैरसमज... झाले असतील...”

टकटक थांबली. माझ्या शेजारून गोदा उठली.

“भाऊ, शेवटच्या सीटला आवाज येईना!”

सगळा मांडव वळला. भाऊनं माइकवर दोनदा बोट वाजवलं. माइक चांगला चालू होता. “म्हणजे ताई, जुन्या गोष्टी... कशाला आता...”

“जुन्या कोणच्या? कुणी कुणाचा व्हिडिओ काढला, कुठं कुठं पाठवला, ते नीट जोरात सांगा. मागं येईना आवाज.”

“येईना,” मी उठून म्हणाले. पंक्चरवाली उठली. ज्यांची नावं मला माहीत नव्हती अशा, माझ्या आधीच्या आणि नंतरच्या, एकेक करत सगळ्या उठल्या. पुढून कुणीतरी म्हणालं, “बसून घ्या ताई, बसून घ्या.”

कुणी बसलं नाही. गाडी वळणावर असल्यासारखे पाय फाकवून आम्ही उभ्या राहिलो, आणि भाऊनं तोंड उघडायची वाट बघत होतो.